जामगेटच्या घाटात ब्रेक पॅडल तळाला गेलं, थंड झाल्यावर परत ठीक! मास्टर सिलिंडर बदलू का?

राजेंद्रनगरवाला:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट सल्ला पाहिजे. रविवारी घरच्यांना घेऊन महेश्वरला निघालो होतो, एबी रोडवर (आग्रा-मुंबई हायवे) ट्रकची गर्दी नको म्हणून महूवरून जामगेटच्या रस्त्याने गेलो. गाडी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षं जुनी, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस (करकचून ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) नाही. पाच माणसं आणि डिकी भरलेली. जामगेटपर्यंत ब्रेक एकदम ओके होते. मग उतार सुरू झाला, गाडी तिसऱ्या गियरमध्ये होती पण वळणं एवढी की ब्रेकवरचा पाय निघतच नव्हता. अर्धा घाट उतरल्यावर करपल्यासारखा वास यायला लागला, पुढे एक जुना टेम्पो होता म्हणून वाटलं त्याचाच असेल, आणि पुढच्याच वळणावर पॅडल दाबलं तर सरळ खाली! म्हणजे काही लागतच नाही पायाला, गाडी आपली चाललीये. तीनचार वेळा भराभर दाबल्यावर थोडा ब्रेक आला, दुसरा गियर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला घेतली. मागे आईने रामरक्षा सुरू केली होती.

पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता. मामा बाटलीतलं पाणी ओतायला निघाले, त्यांना थांबवलं. बराच वेळ थांबलो आणि नंतर पॅडल दाबून बघतो तर नेहमीसारखं कडक! मग फर्स्ट-सेकंडमध्ये उतरलो, परत येताना पण काही झालं नाही.

इंदूरला आल्यावर दोन ठिकाणी दाखवली. एकजण म्हणाला मास्टर सिलिंडर गेला, अख्खा बदला. दुसरा म्हणाला घाटात असं होतंच, पॅड घासून देतो, जा. चाक दोघांनीही खोललं नाही. मला कळत नाहीये की जो ब्रेक गेला तो आपोआप परत कसा आला? आणि आता काय केलं म्हणजे घरच्यांना घेऊन निर्धास्त जाता येईल?

जुना_वर्कशॉपवाला:
सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं. पाणी ओतू दिलं नाहीस ते उत्तम केलंस, तापून लाल झालेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की डिस्क वाकते, कधी तडा पण जातो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहिलं आहेस, "थंड झाल्यावर परत कडक". हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण आहे. जरा सविस्तर सांगतो कारण हे समजलं की कोणीही काहीही बदलायला सांगितलं तरी तू प्रश्न विचारू शकशील.

तू पॅडल दाबतोस तेव्हा पॅडलच्या दांड्याने तुझा जोर तीनचार पट होतो, त्यावर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर आणखी जोर लावतो, आणि तो सगळा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर येतो. तिथून पुढे फक्त ऑइल. पातळ पदार्थ दाबून लहान होत नाही, म्हणून इथे दिलेला दाब नळ्यांमधून जसाच्या तसा चारही चाकांपर्यंत पोचतो. पास्कलचा नियम शाळेत घोकला होता ना, तोच हा. पुढच्या चाकातल्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचा, पिस्टन मास्टर सिलिंडरच्या पिस्टनपेक्षा मोठा असतो म्हणून तिथे जोर अजून वाढतो आणि पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमटा काढल्यासारखे दोन्ही बाजूंनी आवळतात. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर लायनरना (ड्रमला आतून घासणारे पट्टे) बाहेर ढकलतो. बस एवढंच. या सगळ्या साखळीचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे, की ऑइल दाबलं जात नाही.

आता ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. रबरी पाइपमधून, टाकीच्या झाकणातून, वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी त्यात मुरत राहतं. डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे ग्रेड. नवीन डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट 4 किमान 230 ला. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की डॉट 3 साठी ही मर्यादा 140 वर येते आणि डॉट 4 साठी 155 वर. घाटात कॅलिपर एवढा सहज तापतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ मात्र दाबली जाते. तुझा सगळा जोर वाफ दाबण्यात गेला, पॅडपर्यंत पोचलाच नाही, म्हणून पॅडल तळाला. गार झालं, वाफेचं परत पाणी झालं, पॅडल परत कडक. मास्टर सिलिंडर खराब असता तर तो महेश्वरला पोचल्यावर सुद्धा खराबच राहिला असता.

आता मला सांग, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? टाकीत रंग कसा दिसतो? आणि धूर फक्त डाव्या चाकातून होता की दोन्ही पुढच्या? हे नीट आठवून सांग, यावर बरंच अवलंबून आहे.

पाटनीपुरा_एक्स्प्रेस:
माझं मत वेगळं आहे. मास्टर सिलिंडर बदलूनच टाका. जिवापेक्षा पैसा मोठा नाही, शंका आहे तर पार्ट बदला आणि मोकळे व्हा. माझ्या चुलत भावाच्या गाडीचं पॅडल पण असंच खाली जायचं, मास्टर सिलिंडर बदलला आणि ठीक झालं.

मेघना_सुदामानगर:
@राजेंद्रनगरवाला वाचूनच काटा आला अंगावर. मी दर महिन्याला सासरी खंडव्याला जाते, भेरूघाट गाडी मीच उतरवते, म्हणून हा धागा नीट वाचतेय. तुम्हाला एक विचारायचं होतं, साध्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? माझ्या आधीच्या गाडीला तसं व्हायचं, सगळे अलाइनमेंट अलाइनमेंट करत बसले आणि निघालं काय तर एका बाजूचा कॅलिपर जाम.

राजेंद्रनगरवाला:
@जुना_वर्कशॉपवाला काका खूप आभार, पहिल्यांदा कोणीतरी नीट समजावून सांगितलं. ऑइल बदलल्याची एकही नोंद सर्व्हिसच्या बिलांमध्ये नाही, सगळीकडे फक्त "टॉप अप" लिहिलंय. रंग काळपट चहासारखा. आणि हो, धूर फक्त डाव्या चाकातून होता, उजवं गरम होतं पण त्यातून धूर नव्हता.

@मेघना_सुदामानगर ताई, आता तुम्ही विचारलं म्हणून लक्षात आलं, हो, गाडी किंचित डावीकडे जाते, ब्रेक न मारता पण. मी टायरची हवा कमीजास्त असेल म्हणून सोडून दिलं होतं.

जुना_वर्कशॉपवाला:
मेघनाताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. डावा कॅलिपर सुटत नाहीये असं दिसतंय. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, त्यांची रबरी टोपी फाटली की पावसाचं पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस सुकतं, पिन गंजून अडकते. मग पाय उचलला तरी पॅड डिस्कला घासतच राहतो. कधी पिस्टन स्वतःच गंजतो, कधी रबरी पाइप आतून फुगतो आणि ऑइल परत येऊ देत नाही. तिन्हीत परिणाम तोच, ते चाक सतत तापलेलं. म्हणजे तू घाटात शिरलास तेव्हाच ते चाक तापलेलं होतं, वरून जुनं ऑइल.

घरी करून बघता येईल अशी सोपी परीक्षा सांगतो. सकाळी मोकळ्या रस्त्यावर सातआठ किमी चालव, ब्रेक कमीत कमी वापर, शेवटी गाडी आपोआप हळू होऊ दे. उतरून प्रत्येक चाकाजवळ हात ने, लावू नको, फक्त जवळ. जे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागेल ते घासतंय. जॅक लावून हाताने फिरवलं तरी कळतं.

आणि मास्टर सिलिंडरबद्दल. पाटनीपुरावाले भाऊ, तुमच्या भावाचा खराब असेलच, पण तो ओळखायची पद्धत आहे, अंदाजाने कशाला. सपाट जागी गाडी उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक वर, इंजिन चालू. पॅडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. पॅडल हळूहळू खाली खचत गेलं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले. सिग्नलला उभं असताना गाडी आपोआप पुढे सरकायला लागते ती याच कारणाने. पॅडल एका जागी ठाम राहिलं तर त्याला हात लावायचं कारण नाही. चुकीचा पार्ट बदलण्यात फक्त पैसे जात नाहीत, खरा दोष गाडीत तसाच राहतो आणि माणूस समजतो की आता सगळं ठीक आहे. ते जास्त धोक्याचं.

पॅडलच्या भाषेवर अजून थोडं, कारण बाकीच्यांनाही उपयोग होईल. पॅडल नेहमीच स्पंजसारखं लागतं, थंड असताना पण, तर लाइनमध्ये हवा आहे, एअर काढून घ्यायची. पॅडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघायचा. इंजिन बंद ठेवून पॅडल चारपाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा, पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चांगला. स्पीडमध्ये ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. अशी डिस्क लेथवर घासून देतात, पण किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्या खाली गेली तर नवीनच. ची ची आवाज म्हणजे बऱ्याच वेळा पॅडवरची पत्र्याची जीभ, पॅड संपत आल्याचं सांगायला कंपनीनेच दिलेली. घर्र घर्र म्हणजे उशीर झाला, लोखंड लोखंडाला लागलंय. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोनतीन ब्रेकला खरखर येते आणि जाते, तो डिस्कवरचा रात्रभराचा गंज, त्याची काळजी नको.

आणि ते "टॉप अप" प्रकरण. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतलं ऑइल खाली जातं. म्हणजे लेव्हल उतरली तर पॅड बघायचे असतात किंवा गळती शोधायची असते. वरून ओतून लेव्हल भरली की ही खूण पुसली जाते. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे करूच द्यायचो नाही.

दहाचाकी:
गाड्या आमच्या पण आहेत, ट्रक, म्हणून दोन शब्द. एबी रोडच्या गणेश घाटात ब्रेक फेल होऊन किती जीव गेले ते इंदूर-धार वाल्यांना सांगायला नको. लोक म्हणतात "ब्रेक फेल", पण बऱ्याच वेळा काही तुटलेलंच नसतं. ट्रकला हवेचे ब्रेक, प्रत्येक चाकात ड्रम. लोड गाडी घेऊन उतारावर सतत ब्रेक धरला की ड्रम तापून पसरतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड पण तापून कमी होते, ड्रायव्हर अजून दाबतो, हवा अजून खर्च होते. आणि त्यात न्यूट्रल! डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात, मग स्पीड वाढल्यावर खालचा गियर पडतच नाही, तिथे खेळ संपतो. मी ड्रायव्हरला एकच सांगून ठेवलंय की घाटाच्या आधी थांब, चाकं बघ, गियर वरच पाड, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) आहे तो वापरायलाच आहे. वेळ गेला तर जाऊ दे, मी पार्टीला फोन करीन.

छोट्या गाडीवाल्यांना विनंती, घाटात ट्रकच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका. तो तुमच्यासारखा थांबू शकत नाही.

मेघना_सुदामानगर:
@दहाचाकी दादा हे खरंच सगळ्यांनी वाचायला हवं. पण न्यूट्रलचं भूत छोट्या गाड्यांमध्ये पण आहे हो, आमच्याकडे सासरे अजूनही सांगतात की उताराला न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. त्यांना काय सांगू?

पीथमपूरकर:
@मेघना_सुदामानगर त्यांना सांगा की हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गियर लावलेला आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना, इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की उलट इंजिन आयडलिंगला पेट्रोल पितं. म्हणजे वाचत काही नाही आणि ब्रेकवर सगळा भार. काही जण तर इंजिनच बंद करतात, ते महाभयंकर, दोनतीन दाबण्यात बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि चावी चुकून पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक.

ब्रेक एवढे का तापतात त्याचा साधा हिशोब मांडतो, मला मजा वाटते यात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास, म्हणजे 400 मीटरचा फरक. समजा त्यातले 250 मीटर घाटातच उतरलात. 80 च्या स्पीडवरून गाडी एकदा पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते, त्याच्या दहापट ऊर्जा या 250 मीटरच्या उतारात बाहेर पडते. गाडी हलकी असो जड असो, हे दहाचं प्रमाण तेच. थोडी टायर आणि हवेत जाते, उरलेली कुठेतरी जायलाच हवी. दुसरा गियर असेल तर इंजिन बराच वाटा उचलतं, नसेल तर सगळी पॅडवर, आणि पुढच्या पॅडवर जास्त, कारण ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं. तिसरा गियर पाच माणसांच्या गाडीला त्या उताराला कमी पडला असणार. जो गियर चढायला लागतो तोच उतरायला, हा आपल्या आजोबांच्या वेळचा नियम अजून पक्का आहे. ब्रेक पण सतत हलका धरून ठेवू नका, जोरात मारून स्पीड कमी करा आणि पूर्ण सोडा, मधे डिस्कला वारा लागतो.

आणि पॅडल भराभर दाबण्याबद्दल, तुमच्या गाडीत वाफ झाली होती म्हणून ते बरोबर होतं. पण एबीएसवाल्या गाडीत नेहमीच्या इमर्जन्सीला तसं करू नये, पॅडल पायाखाली थरथरलं तरी घट्ट दाबून ठेवायचं, ती थरथर म्हणजे सिस्टिम आपलं काम करतेय. आमच्या इथे पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्रात 11.3 किमीचा हाय स्पीड ट्रॅक आहे तो सगळ्यांना माहीत आहे, पण ब्रेकिंगचा वेगळा ट्रॅकही आहे, तिथे ओल्या-कोरड्या, कमीजास्त घसरणाऱ्या पट्ट्यांवर हेच तपासतात, डावं चाक निसरड्यावर आणि उजवं कोरड्यावर असताना गाडी सरळ थांबते की गरगरते.

राजेंद्रनगरवाला:
अपडेट देतो मंडळी. काकांनी सांगितलेली परीक्षा केली, डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, बाकी तिन्ही कोमट. पॅडल अर्धा मिनिट दाबून धरलं, जरा सुद्धा खचलं नाही. मग तिसऱ्याच एका छोट्या गॅरेजला गेलो, वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना हे सगळं सांगितलं आणि समोर उभं राहून चाक खोलायला लावलं. कॅलिपरची खालची पिन पूर्ण गंजलेली, हातोडीने ठोकून काढावी लागली, तिची रबरी टोपी अर्धी फाटलेली. आतल्या बाजूचा पॅड जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता आणि तिरका झिजलेला, बाहेरचा पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक! एकाच चाकाचे दोन पॅड आणि एवढा फरक, आणि बाहेरून डोकावून बघणाऱ्याला तो जाडा पॅडच दिसतो. एअर काढायच्या बोल्टमधून जे ऑइल आलं ते काळं कुळकुळीत, बुडाशी गाळ.

पिना नवीन, टोपी नवीन, पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड नवीन, डिस्कची जाडी मोजली ती अजून मर्यादेत बसते आहे. ऑइल पूर्ण बदललं, डॉट 4. मास्टर सिलिंडरच्या किमतीच्या निम्म्यात सगळं झालं. गाडी आता सरळ जाते. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. नवीन पॅडला लगेच घाट चालेल का? आणि ऑइल परत कधी बदलू?

जुना_वर्कशॉपवाला:
वा, समोर उभं राहून खोलायला लावलंस हे फार चांगलं केलंस. पॅड नेहमी जोडीनेच बदलायचे, डावा-उजवा दोन्ही, तेही त्या मिस्त्रींनी बरोबर केलं.

नवीन पॅड पहिले दोनतीनशे किमी शहरातच वापर, मध्यम ब्रेक मारत जा, एकदम करकचून नको. पॅडचा एक थर डिस्कवर बसावा लागतो, तोपर्यंत पूर्ण पकड येत नाही. त्यानंतर घाट. ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी कमी चालली तरी, कारण ओल उभ्या गाडीत पण मुरते. बिलावर "ब्रेक ऑइल बदललं" असं लिहून घे, तारखेसकट. टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय त्याच्यापेक्षा खालचा कधी नाही. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं, पण डॉट 5 म्हणून सिलिकॉनचं येतं ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकून सुद्धा त्या टाकीत जाऊ देऊ नको, सगळे रबर फुगतात आणि मग खरंच मास्टर सिलिंडरपासून सगळं बदलावं लागतं. ब्रेक ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धू, रंग खातं.

मागचे ड्रम पण एकदा उघडून घे. पुढचं एवढं झालंय तर मागे लायनरवर धूळ आणि व्हील सिलिंडरला ओल असायची शक्यता आहेच. टायरच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसला तर व्हील सिलिंडर गळतोय, मग लायनर पण बदलावे लागतात, तेल प्यायलेला लायनर धुवून परत कामाचा होत नाही. हँडब्रेक किती खट्ट्यांवर धरतो तेही बघ, त्या दिवशी त्यानेच वाचवलंय तुम्हाला.

पाटनीपुरा_एक्स्प्रेस:
काकांचं पटलं. मी पण उद्या अर्धा मिनिट दाबून बघतो. एक विचारायचं होतं, आमच्या स्कूटरला मागे ड्रम आहे, पावसात ब्रेक मारला की आधी लागतच नाही आणि मग एकदम लॉक होतो. हे पण ऑइलचंच का?

जुना_वर्कशॉपवाला:
नाही, त्या ड्रमला ऑइल नसतं, केबल असते. ड्रममध्ये पाणी किंवा चिखल जातो, लायनर ओला असताना सरकतो आणि सुकला की एकदम पकडतो. ड्रम उघडून धूळ काढा, पॉलिश पेपरने लायनरवरची चकाकी हलकी घासा, मधल्या कॅमला अगदी थोडं ग्रीस, लायनरला लागू न देता. केबलमध्ये ऑइलचे थेंब सोडा आणि लिव्हरची ढिलाई गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी ठेवा, मेकॅनिक लोक फार घट्ट करून देतात आणि मग चाक घासत राहतं. पाण्यातून बाहेर आलात की हळू चालवत दोनतीन वेळा ब्रेक हलका धरायचा, लायनर सुकतात. आणि लायनरवर किती माल उरलाय ते उघडल्यावर बघाच, दोन मिलिमीटरच्या खाली असेल तर घासत बसू नका, बदला.